बिलाचे मेल कस्टमरला पोचतच नाहीत, धंद्यासाठी भरवशाची ईमेल सर्व्हिस कोणती घ्यावी?

भोसरीवाला

नमस्कार मंडळी,

आमचं भोसरी एमआयडीसीत फास्टनर आणि हायड्रॉलिक फिटिंगचं ट्रेडिंग आहे, गिऱ्हाईक बहुतेक चाकण, तळेगाव, रांजणगाव साईडच्या कंपन्या. बिलिंग एका छोट्या ईआरपीतून (म्हणजे धंद्याच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून) होतं आणि त्यातूनच कोटेशन, इनव्हॉइस, टेस्ट सर्टिफिकेट (टीसी), पेमेंटचे रिमाइंडर असे सगळे मेल आपोआप जातात, महिन्याला धरून चाला पाच-सहा हजार, मार्च एन्डला जास्त. हे सगळं जातं वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर जो मेल सर्व्हर फुकट मिळालाय त्याच्यावरून.

गेल्या काही महिन्यांपासून कस्टमर म्हणतात मेल आलाच नाही. परवा आमचा टेम्पो चाकणला एका कंपनीच्या गेटवर उभा, आत स्टोअरवाले म्हणतात इनव्हॉइस आणि टीसीचा मेल आल्याशिवाय गेट एन्ट्री मारणार नाही, इकडे ईआरपीत हिरव्या अक्षरात 'सेंट' दिसतंय, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी फोन करतोय, शेवटी ऑफिसमधल्या मुलीने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, त्यांनी प्रिंट काढली तेव्हा कुठे माल उतरला. पेमेंटचं पण तेच, साठ दिवसांचं क्रेडिट आणि साठाव्या दिवशी कळतं की बिल अकाउंट्सला मिळालेलंच नाही, मग पुढचे साठ दिवस तिथून मोजायला लागतात. आमच्यासारख्या छोट्या माणसाचं खेळतं भांडवल असंच अडकून बसतं.

होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला विचारलं तर 'आमच्याकडून गेलंय' एवढंच उत्तर. नेटवर बघितलं तर प्रत्येक कंपनी म्हणते आमची डिलिव्हरी नव्व्याण्णव टक्के. कुणी खरोखर वापरलेली सर्व्हिस सांगेल का? स्वस्त पाहिजे असं काही नाही, पोचला पाहिजे आणि नाही पोचला तर कळलं पाहिजे.

कोथरूडकर

दादा, सर्व्हिस घ्यायच्या आधी एक काम करा. ईआरपीतून एक बिल स्वतःच्या साध्या जीमेलवर पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा (मोबाइल ॲपमध्ये हे दिसत नाही), उजवीकडे तीन टिंबं आहेत तिथे 'शो ओरिजिनल' दाबा. वरच एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी दिसतील आणि पुढे पास किंवा फेल. ते इथे टाका मग बोलू.

थोडक्यात सांगतो. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी ठेवायची जागा) लिहून ठेवायचं की आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकिम म्हणजे प्रत्येक मेलवर डिजिटल सही. आणि डीमार्क म्हणजे ही दोन्ही जर 'फ्रॉम'मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळत नसतील तर समोरच्याने काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला पाच हजारांच्या वर आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही कम्पल्सरी केलंय, मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलच्या अकाउंटसाठी तेच मे २०२५ पासून सुरू केलं. तुम्ही पाच हजारांच्या खूप खाली आहात म्हणून सुटलात असं नाही हां, एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक तरी असल्याशिवाय जीमेल आता छोट्यांचे पण मेल घेत नाही.

आणि फुकटच्या होस्टिंग सर्व्हरचा मुख्य प्रॉब्लेम म्हणजे शेअर्ड आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवरचा पत्ता अनेकांत एकच. एकाच आयपीवरून शेकडो वेबसाइटचे मेल जातात. सहा आसनी रिक्षासारखं आहे ते, शेजारी कोण बसलाय ते तुमच्या हातात नाही पण पोलिसांनी अडवली की सगळेच रस्त्यावर. शेजारच्या कुणाची वर्डप्रेस साइट हॅक झाली, त्यातून स्पॅम गेला, आयपी स्पॅमहाउसच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणारी संस्था) लिस्टवर चढला की तुमचं बिल पण अडकलं. बाहेरच्या चांगल्या सर्व्हिसचे आयपी पण शेअर्डच असतात म्हणा, पण तिथे रिक्षात कुणाला बसवायचं हे बघायला माणूस असतो, तुम्ही पैसे मुख्यतः त्याचेच देता.

बाणेर रोड

एवढं कशाला? गूगल वर्कस्पेस घ्या आणि ईआरपीत त्याचंच एसएमटीपी (मेल पाठवायचं सेटिंग) टाका. दिवसाला दोन हजार मेलची लिमिट आहे, तुम्हाला भरपूर झालं. आमच्या ऑफिसला तेच आहे, काही त्रास नाही.

कोथरूडकर

@बाणेर रोड, माणसाने माणसाला लिहायच्या मेलसाठी वर्कस्पेस उत्तमच, घ्यावंच. पण सॉफ्टवेअरने पाठवायचे मेल त्याच अकाउंटवरून सोडू नका असं मी कळकळीने सांगेन. दोन कारणं. ईआरपीने कधी वेड्यासारखं करून एकच रिमाइंडर हजारो वेळा सोडला की लिमिट संपते आणि पुढे चोवीस तासांपर्यंत त्या अकाउंटवरून काहीच जात नाही, म्हणजे मालकाला बँकेला साधा मेल करायचाय तोही बंद. दुसरं, बाउन्स (म्हणजे मेल न पोचल्याची सूचना) परत येतो तो एका इनबॉक्समध्ये मेल म्हणून, आणि तो इनबॉक्स कोणी वाचत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाचं कुठलं बिल परत आलं हे ईआरपीला कळतच नाही. मूळ दुखणं तेच आहे ना.

लॅब_आयटी

मी एका पॅथॉलॉजी लॅबचं आयटी बघते, आमचे रिपोर्ट मेलवर जातात, त्यामुळे 'पोचला की नाही' हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. आम्ही ॲमेझॉन एसईएस (ॲमेझॉनची मेल पाठवायची सर्व्हिस) वापरतो, मुंबई रीजन. हजार मेलला दहा सेंट, अटॅचमेंटचे जीबीमागे बारा सेंट वेगळे. तुमच्या व्हॉल्यूमला महिन्याचं बिल एका डॉलरच्या आसपास येईल, चहाच्या एका राउंडएवढं पण नाही.

पण स्वस्त आहे म्हणून उडी मारू नका. सुरुवातीला सँडबॉक्समध्ये ठेवतात, दिवसाला २०० मेल आणि तेही फक्त व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांवर, बाहेर पडायला अर्ज करायचा, त्यात काय पाठवणार, पत्ते कुठून आले, बाउन्स कसे हाताळणार हे नीट लिहायचं, एका ओळीत 'फॉर बिझनेस' लिहिलंत तर नाकारतात. आणि मुख्य म्हणजे एसईएस म्हणजे नुसतं इंजिन आहे. एखाद्या कस्टमरचं नाव टाकून त्याचा मेल कुठे गेला ते बघू असं म्हणाल तर साध्या एसईएसमध्ये तयार पान मिळत नाही, नोटिफिकेशन पकडून तुमच्या डेटाबेसमध्ये लिहायचं काम डेव्हलपरला करावं लागतं. आमच्याकडे डेव्हलपर आहे म्हणून जमतं. बाउन्स पाच टक्क्यांच्या वर गेला की अकाउंट रिव्ह्यूत जातं आणि दहाच्या वर गेला की पाठवणंच थांबवू शकतात, त्यामुळे जुने मेलेले पत्ते आधी साफ करा. परचेसवाले तर सारखे नोकऱ्या बदलतात, तीन वर्षांपूर्वीच्या माणसाचा आयडी तुमच्या कस्टमर मास्टरमध्ये (गिऱ्हाइकांच्या यादीत) अजून असणार.

तुमच्याकडे डेव्हलपर नसेल तर पोस्टमार्क नावाची सर्व्हिस बघा. दहा हजार मेलला महिना १५ डॉलरच्या आसपास, म्हणजे एसईएसपेक्षा बरंच महाग, पण प्रत्येक मेलचा लॉग ४५ दिवस दिसतो, समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं ते शब्दशः दिसतं, ऑफिसमधली कोणीही मुलगी बघू शकते. आणि बिलासारखे मेल आणि मार्केटिंगचे मेल हे वेगवेगळ्या स्ट्रीममधून पाठवतात, एकाचा डाग दुसऱ्याला लागत नाही.

हिशोबनीस

वरचे सगळे टेक्निकल लोक आहेत, मी अकाउंट्सच्या बाजूने लिहितो कारण सर्व्हिस बंद पडायचं एक कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे कार्ड. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमामुळे कार्डवरून दर महिन्याला आपोआप कट होणारे पैसे मँडेट (आधी दिलेली परवानगी) रजिस्टर असल्याशिवाय जात नाहीत, आणि मँडेट असलं तरी १५,००० च्या वर दर वेळी ओटीपी. परदेशी कंपन्यांकडे बऱ्याचदा मँडेटची सोयच नसते, मग पेमेंट फेल होतं, आणि 'पेमेंट फेल' म्हणून जो मेल ते पाठवतात तो जातो ज्या आयटीवाल्याने अकाउंट उघडलं होतं त्याच्या आयडीवर आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आमच्या एका क्लायंटची सर्व्हिस ऐन महिनाअखेरीला अशीच बंद पडली होती. अकाउंट उघडताना बिलिंगचा आयडी अकाउंट्स डिपार्टमेंटचा द्या, एका माणसाचा नको.

दुसरं जीएसटी. परदेशी कंपनीने डॉलरमध्ये बिल दिलं की ते इम्पोर्ट ऑफ सर्व्हिस, रिव्हर्स चार्जमध्ये (म्हणजे टॅक्स घेणाऱ्यानेच भरायचा) १८ टक्के आयजीएसटी आधी कॅश लेजरमधून भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. पैसे परत येतात पण दर महिन्याला १५ डॉलरसाठी सेल्फ इनव्हॉइस करत बसायचं. ॲमेझॉनच्या क्लाउडचं बिल त्यांची भारतातली कंपनी जीएसटी लावून देते, तिथे हा प्रश्न नाही. तसंच आपल्या चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल आहे, रुपयात बिल, जीएसटी नंबर टाकला की साधं इनपुट क्रेडिट. त्यांच्याकडे महिन्याचं भाडं नाही, क्रेडिट विकत घ्यायचं, एका क्रेडिटमध्ये दहा हजार मेल (क्रेडिटला मुदत असते, ती घेताना बघून घ्या). आणि ते फक्त बिल, ओटीपी, पावती असलेच मेल घेतात, ऑफर-बिफर पाठवू देत नाहीत. मला हे चांगलंच वाटतं.

चाकण_आयटी

मी दुसऱ्या टोकाला बसते, म्हणजे ज्या कंपन्यांना तुम्ही बिलं पाठवता तसल्या एका कंपनीच्या आयटीत. त्यामुळे 'मेल आला नाही'चं आमच्या बाजूने काय होतं ते सांगते, सप्लायर लोकांना हे कळत नाही आणि त्यात त्यांचेच पैसे अडकतात.

आमच्याकडे मेल तीन ठिकाणी अडतो. एक तर दारातच नाकारला जातो, तो बाउन्स होऊन तुम्हाला परत येतो. दुसरा आत येतो पण जंकमध्ये. तिसरा क्वारंटाइनमध्ये, म्हणजे युजरला तो जंकमध्येही दिसत नाही, आमच्यासारख्या कुणी जाऊन सोडायचा. आता गंमत बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आमच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरला '२५० ओके' (म्हणजे मेल घेतला) असंच उत्तर दिलेलं असतं. तुमच्या सर्व्हिसच्या डॅशबोर्डवर तो 'डिलिव्हर्ड' दिसणार. म्हणून ते नव्व्याण्णव टक्के वगैरे बघून सर्व्हिस निवडू नका. कुठलीही सर्व्हिस आमच्या इनबॉक्सच्या आत बघू शकत नाही. सर्व्हिस चांगली म्हणजे तिने नाकारलेल्या मेलचं कारण लगेच आणि पूर्ण दाखवलं पाहिजे, आणि '२५० ओके' त्या ओळीसकट, वेळेसकट आणि मेसेज आयडीसकट दाखवलं पाहिजे. ते घेऊन सप्लायरने फोन केला की मी दोन मिनिटांत तो मेल शोधून काढते. 'सकाळी पाठवला होता हो मॅडम' एवढ्यावर मला काही शोधता येत नाही.

आम्ही कडक का झालोय तेही सांगते. सप्लायरच्या नावाने मेल येतात, 'आमचा बँक अकाउंट बदलला आहे, पुढचं पेमेंट इथे करा', लोगो तोच, सहीचा मजकूर तोच, जुन्या बिलाचा नंबर सुद्धा बरोबर. ज्या सप्लायरच्या डोमेनला डीमार्क नाही त्याच्या नावाने असा मेल कोणीही पाठवू शकतो आणि खरा कुठला खोटा कुठला हे आमच्या फिल्टरला ठरवता येत नाही, मग तो दोन्ही अडवतो. तुमचं डीमार्क नीट असणं हे तुमच्या आणि आमच्या दोघांच्या पैशांचं संरक्षण आहे. (बँक बदलल्याचा मेल आला तर आमचे अकाउंट्सवाले जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवर फोन करतात, मेलमधल्या नंबरवर नाही. तुम्हीही तसंच करा.)

अजून एक, आणि हे अगदी मनापासून सांगते. 'नो-रिप्लाय' आयडीवरून बिल पाठवू नका. आमचे अकाउंट्सवाले बिलाच्या मेललाच रिप्लाय करतात, 'जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिलाची क्वांटिटी जुळत नाही, क्रेडिट नोट पाठवा', आणि तो रिप्लाय कुणाला मिळतच नाही. सप्लायरला वाटतं कंपनी पैसे दाबून बसलीये आणि आमच्या लोकांना वाटतं सप्लायर उत्तर देत नाही. रिप्लाय-टू मध्ये जिवंत माणसाचा आयडी असू दे, आणि तो त्याच डोमेनचा, जीमेलचा नको. पीडीएफ थेट जोडा, झिप नको, कुठल्या तरी फाइल शेअरिंगची लिंक तर अजिबात नको. सब्जेक्टमध्ये पीओ (परचेस ऑर्डर) नंबर टाका, शोधताना तोच टाकतात सगळे.

भोसरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मुद्देसूद कोणी सांगितलं नव्हतं. ताई, तुमची पोस्ट प्रिंट काढून ऑफिसमध्ये लावतोय.

'शो ओरिजिनल' बघितलं. एसपीएफ पास आहे. डीकिम पास आहे पण पुढे होस्टिंग कंपनीच्या डोमेनचं नाव दिसतंय, आमचं नाही. डीमार्कची ओळच नाही. आणि डीएनएसमध्ये एसपीएफच्या दोन वेगवेगळ्या ओळी आहेत, एक होस्टिंगची आणि एक कुणीतरी आधी टाकलेली. हे चालतं का?

आमच्याकडे डेव्हलपर नाही, ईआरपीत फक्त एसएमटीपीचा सर्व्हर, पोर्ट, युजर, पासवर्ड टाकायची जागा आहे. त्यामुळे एसईएस बाजूला ठेवतो. झेप्टोमेल किंवा पोस्टमार्क दोन्हीचं ट्रायल करायचा विचार आहे. दिवाळीला सगळ्या कस्टमरना शुभेच्छा आणि नवीन रेट लिस्ट जाते, ती पण यातूनच पाठवली तर चालेल?

लॅब_आयटी

रेट लिस्ट यातून अजिबात नको. ती मार्केटिंग झाली, झेप्टोमेलवाले तर बंदच करतील. ब्रेवो वगैरेसारखी मार्केटिंग मेलची वेगळी सर्व्हिस वापरा, त्यांच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात, शुभेच्छा दोन-तीन दिवसांत विभागून पाठवल्या तरी कुणाचं काही अडत नाही. आणि अनसबस्क्राइबची लिंक द्या. लोकांनी स्पॅम बटण दाबलं की त्याचा हिशोब डोमेनच्या नावावर चढतो, गूगलचं म्हणणं आहे की तो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच पोचू देऊ नका. हजार मेलमागे तिघांनी दाबलं की तुम्ही तिथे पोचलात.

कोथरूडकर

एसपीएफच्या दोन ओळी चालत नाहीत. एका डोमेनला एकच ओळ, दोन दिसल्या की नियमाप्रमाणे तो एररच, कोणी पास देतं कोणी देत नाही, तुमचे काही मेल पोचतात काही नाही त्याचं हे एक कारण असू शकतं. दोन्हीतलं लागेल तेवढं एका ओळीत घ्या आणि दुसरी उडवा. त्या ओळीत दहापेक्षा जास्त लुकअप (दुसऱ्या डोमेनच्या नोंदी बघायला लावणाऱ्या इन्क्लूडसारख्या गोष्टी) होऊ देऊ नका, प्रत्येक नवीन सर्व्हिसवाला 'आमचं इन्क्लूड टाका' म्हणतो आणि ती लिमिट कधी ओलांडली जाते कळत नाही.

डीकिम होस्टिंगवाल्याच्या डोमेनचं आहे म्हणजे सही आहे पण दुसऱ्याची. डीमार्कसाठी सही तुमच्याच डोमेनची लागते. नवीन सर्व्हिस घेतलीत की ते डीएनएसमध्ये टाकायला एक-दोन रेकॉर्ड देतील, ते टाकून व्हेरिफाय होईपर्यंत एकही खरं बिल पाठवू नका. डीकिमकडे जास्त लक्ष द्या असं मी म्हणतो, कारण मोठ्या कंपन्यांत 'परचेस'च्या कॉमन आयडीवर आलेला मेल बऱ्याचदा पुढे फॉरवर्ड होतो, फॉरवर्ड झाला की एसपीएफ तुटतो, डीकिमची सही मजकूर बदलला नाही तर टिकते.

बिलांसाठी डोमेनच्या पुढे 'बिल' किंवा 'अकाउंट्स' असं काहीतरी लावून सबडोमेन करा, दिवाळीच्या मेलला दुसरं सबडोमेन, आणि माणसांचे मेल मूळ डोमेनवर. उद्या सर्व्हिस बदलायची झाली तरी तुमचं नाव तुमच्याकडे राहतं, तुम्ही फक्त रेकॉर्ड बदलता. म्हणूनच सर्व्हिसच्या स्वतःच्या डोमेनवरून कधी पाठवू नका, सोपं असलं तरी.

ट्रायलमध्ये काय बघायचं तर मुद्दाम एका चुकीच्या पत्त्यावर बिल पाठवा. किती वेळात बाउन्स दिसतो, कारण काय लिहून येतं, आणि तो तुम्हाला मेलवर कळवला जातो की जाऊन शोधावा लागतो. '५५०' वगैरे पाचने सुरू होणारं उत्तर म्हणजे कायमचं नाही, चारने सुरू होणारं म्हणजे आत्ता नाही थोड्या वेळाने या, मग सर्व्हिस किती वेळ परत परत प्रयत्न करते ते पण बघा. नंतर तोच पत्ता दुरुस्त झालाय असं धरून परत पाठवा, कारण एकदा बाउन्स झालेला पत्ता सर्व्हिस ब्लॉक लिस्टमध्ये टाकते आणि पुढचे मेल गुपचूप थांबवते. त्या लिस्टमधून पत्ता तुम्हाला स्वतःला काढता आला पाहिजे. आणि सपोर्टला एक प्रश्न विचारून बघा, माणूस उत्तर देतो की नाही.

डीमार्क सुरुवातीला 'नन'वर ठेवा आणि रिपोर्ट यायला एक वेगळा आयडी द्या. रिपोर्ट एक्सएमएलमध्ये येतात, वाचायला किचकट, पण त्यांना सोपं करून दाखवणाऱ्या साइट आहेत. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातोय ते त्यात दिसेल, कधी कधी एखादा जुना अटेंडन्सचा सॉफ्टवेअर पण सापडतो. सगळे खरे रस्ते पास व्हायला लागले की 'क्वारंटाइन' आणि मग 'रिजेक्ट'. 'नन'वरच कायम ठेवलंत तर चाकणच्या ताई म्हणतात तो बँकवाला खोटा मेल थांबणार नाही.

हिशोबनीस

बदल महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर करा आणि मार्चमध्ये तर हातच लावू नका.

कोथरूडकर

बरोबर. आधी फक्त कोटेशन नवीन रस्त्याने सोडा, आठवडाभर लॉग बघा, मग रिमाइंडर, सगळ्यात शेवटी इनव्हॉइस. ईआरपीत पोर्ट ५८७ आणि टीएलएस टाका, पंचवीस नको, तो बऱ्याच ठिकाणी बंदच असतो. अडलात तर एसएमटीपीचा एरर जसाच्या तसा इथे चिकटवा, पासवर्ड आणि कस्टमरचे आयडी तेवढे पुसून.